नारोशंकराची घंटा आणि पंचावन्न डेसिबेल

जबलपूरला नेमणूक असताना एका सहकाऱ्याच्या मुलीच्या विवाहानिमित्त तेथील एका जुन्या चर्चमध्ये जाण्याचा योग आला. उंच छत, दगडी भिंती, गुळगुळीत फरशी. पाद्रीसाहेबांचे उच्चार स्पष्ट होते. तरीही मागच्या बाकांवर एक शब्द धड कळेना. वेदीजवळचे दोन मोठे ध्वनिक्षेपक जितके चढवावेत, तितका नुसता घुमारा वाढे. बाहेरच्या रस्त्यावर मात्र तो आवाज भरपूर पोचत होता. ज्यांच्यासाठी शब्द होते त्यांना ते कळत नव्हते, आणि ज्यांचा संबंध नव्हता त्यांना ते टाळता येत नव्हते! अर्थशास्त्राच्या जुन्या विद्यार्थ्याला 'बाह्य परिणाम' या संकल्पनेचे याहून चांगले उदाहरण कोठे मिळणार?

चर्चचे मूळ ध्वनियंत्र म्हणजे घंटा. तिचा हेतूच मुळी भिंतींबाहेर ऐकू जाण्याचा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या व त्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर १७२१ हे साल कोरलेले आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण आजही 'नारोशंकराची घंटा' म्हणतो, तो शब्दप्रयोग अशा रीतीने एका पोर्तुगीज घंटेने मराठीला दिला. घंटेला धर्मांतराची अडचण आली नाही, कारण तिला शब्द नसतात.

अडचण शब्दांची असते. कॅथलिक उपासना लॅटिनमध्ये चाले तोवर घुमणारी वास्तू हा दोष नव्हता. गायनाला ती पोषकच होती. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला वाट करून दिली, वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली, आणि प्रत्येक वाक्य समजणे आवश्यक झाले. वास्तू जुनी, अपेक्षा नवी. मग ध्वनिक्षेपक आला.

वस्तुतः यावरचा तांत्रिक उपाय त्याआधीच सापडला होता. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये पार्किन आणि टेलर यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी आवाज खाली, श्रोत्यांकडेच वळवणारे उभे, स्तंभाकार ध्वनिक्षेपक बसवले. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवर तो एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. म्हणून मागच्या ध्वनिक्षेपकांना त्या बेताने विलंब दिला. शिवाय प्रथम कानी पडलेल्या आवाजाच्याच दिशेने सारा आवाज येतो असे माणसाला वाटते, हे हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवले होते. सारांश, दोन प्रचंड भोंग्यांपेक्षा अनेक लहान, हळू बोलणारे ध्वनिक्षेपक अधिक ऐकवतात, आणि शेजाऱ्याला कमी.

आपल्याकडे हा विषय अभियंत्याकडे न जाता न्यायालयात गेला. चेन्नईच्या के.के.आर. नगरमधील चर्च ऑफ गॉड या पंथाच्या प्रार्थनागृहात ड्रम, गिटार व ध्वनिवर्धक वापरले जात. रहिवासी संघाने तक्रार केली. अल्पसंख्याकांच्या उपासनेत अडथळा आणण्याचा हा डाव आहे, असे चर्चचे म्हणणे होते. ३० ऑगस्ट २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. या प्रकरणात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. प्रदूषण मंडळाच्या पाहणीत गोंगाटाचा दोष मुख्यतः रस्त्यावरील वाहनांकडे गेला होता. चर्चला आवाज कमी करावा लागला, हे योग्यच. पण वाहनांना कोणी प्रतिवादी केले नव्हते. प्रशासन सापडेल त्याला धरते, हा माझाही अनुभव आहे.

१८७९ च्या एका इंग्रजी खटल्यात मिठाईवाल्याच्या खलबत्त्याने शेजारच्या डॉक्टरला त्रास होत होता. रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये त्यावरून दाखवले की, वाटाघाटीचा खर्च नसेल तर दोघे आपसात तोडगा काढतील. येथे मात्र एका बाजूला चर्च, मंदिर किंवा मशीद आणि दुसऱ्या बाजूला शेकडो घरे. पहाटे वाटाघाटी कोण करणार? म्हणून नियम लागतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल अशी मर्यादा आहे. दहाच डेसिबेलचा फरक, पण ध्वनीची शक्ती दसपट!

मध्य प्रदेशाने तर १९८५ मध्येच कोलाहल नियंत्रण अधिनियम केला होता. तरीही १३ डिसेंबर २०२३ रोजी नव्या मुख्यमंत्र्यांना पहिला आदेश धर्मस्थळांवरील ध्वनिक्षेपकांविषयीच काढावा लागला. जिल्ह्यांत भरारी पथके नेमली गेली. भोंगा पथकाला डोळ्यांनी दिसतो; डेसिबेल मात्र मोजावे लागतात, आणि ते मोजायला यंत्र व प्रशिक्षित माणूस दोन्ही लागतात.

माझ्या खात्याचा या परवान्यांशी काही संबंध नव्हता. तरी त्या विवाहानंतर चहा घेताना चर्चच्या समितीतील एका वृद्ध गृहस्थांना मी लहान ध्वनिक्षेपकांची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "साहेब, हे दोन मोठे एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ दिलेत. काढायचे कसे?"