समुद्राचा मासा, धरणाचं पाणी

१६३९ साली अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स बे वसाहतीने एक हुकूम काढला: कॉड आणि बास हे मासे शेतात खत म्हणून टाकायचे नाहीत. म्हणजे तोपर्यंत लोक टाकत होते! इतका मुबलक मासा होता हा. या बासचं पूर्ण नाव स्ट्राइप्ड बास. रुपेरी अंग आणि त्यावर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा. राहायला समुद्रात, आणि वसंतात अंडी घालायला नदीत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा हा मूळ रहिवासी.

आता गंमत बघा. आज 'स्ट्रायपर फिशिंगला चाललोय' असं म्हणणारा अमेरिकन माणूस बऱ्याचदा समुद्राकडे जातच नाही. गाडीमागे बोट जोडतो आणि किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, एखाद्या धरणाच्या जलाशयावर जातो. तिथे गळाला जिवंत मासा लावून हा समुद्री मासा पकडतो. हा तिथे पोचला कसा? हा प्रश्न डोक्यात शिरला आणि माझे दोन-तीन वीकेंड त्यातच गेले.

सुरुवात साउथ कॅरोलायनात होते. १९३०चं दशक, महामंदी, खेड्यापाड्यात वीज नाही. रूझवेल्ट सरकारच्या न्यू डील योजनांमध्ये एक मोठा प्रकल्प मंजूर झाला. सँटी नदीवर धरण बांधायचं, तिचं पाणी कालव्यातनं कूपर नदीकडे वळवायचं आणि वाटेत वीज तयार करायची. १९३९ला काम सुरू झालं. ९०१ कुटुंबं उठवली गेली, त्यात गरीब कृष्णवर्णीय शेतकरी मोठ्या संख्येने होते. सुमारे ६,००० कबरी हलवल्या. १९४१च्या अखेरीस पाणी अडवलं, १९४२च्या फेब्रुवारीत वीज सुरू झाली. तोवर अमेरिका युद्धात उतरली होती, घाई होती, त्यामुळे वरच्या तलावातली बरीच झाडं तोडायची राहूनच गेली. ती तशीच पाण्यात बुडाली. वरचा तलाव मॅरियन, खालचा मूल्ट्री. दोन्ही मिळून पावणेदोन लाख एकरांच्या आसपास पाणी.

धरण झाल्यावर स्ट्रायपर संपणार, असाच सगळ्यांचा अंदाज. समुद्राची वाट बंद, मग आत उरलेले मासे म्हातारे होतील, मरतील, विषय संपला. पण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे भलत्याच संख्येने स्ट्रायपर सापडायला लागले, आणि त्यात कोवळी पिल्लंही होती. जीवशास्त्रज्ञांनी तपासलं तर मासे चक्क तिथेच वाढून तिथेच प्रजनन करत होते. समुद्र न बघता!

ही कथा 'धरणात अडकलेल्या माशाचा चमत्कार' म्हणून आजही सांगितली जाते. छान आहे, पण थोडी फिल्मी आहे. पुढे कळलं ते असं की दक्षिणेकडच्या नद्यांमधले स्ट्रायपर उत्तरेकडच्या भाईबंदांसारखे समुद्रात लांब भटकत नाहीत, त्यांचं बरंचसं आयुष्य नदीतच जातं. त्यामुळे गोड्या पाण्यात राहणं त्यांना नवीन नव्हतं. खरा प्रश्न राहण्याचा नव्हताच, अंड्यांचा होता.

स्ट्रायपरची अंडी पाण्याहून किंचित जड असतात. घातल्यापासून पिल्लू बाहेर पडेपर्यंत साधारण दोन दिवस ती वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात. पाणी थांबलं की अंडी तळाशी बसतात, गाळात गुदमरतात. म्हणजे अंड्यांना हवी नदी, आणि तीही दोन दिवस वाहण्याइतकी लांब. मॅरियन तलावाच्या वरच्या अंगाला काँगरी आणि वॉटरी या नद्यांचे असे लांब, मोकळे पट्टे शिल्लक होते. लोकांनी तलावाचं कौतुक केलं. काम केलं होतं तलावाच्या वरच्या, न अडवलेल्या नदीने.

आमच्या क्षेत्रात हे नेहमी दिसतं. एका मशीनवर प्रोग्रॅम मस्त चालतो, म्हणून तो सगळीकडे टाकतात, आणि मग कळतं की त्या पहिल्या मशीनवर काहीतरी आधीच इन्स्टॉल केलेलं होतं :) इथेही तेच झालं. साउथ कॅरोलायनाचं यश बघून इतर राज्यांनाही स्ट्रायपर हवा झाला. कारणही रास्त होतं. जलाशयांत गिझर्ड शॅड नावाचा मासा माजलेला असायचा आणि तो इतका मोठा व्हायचा की स्थानिक शिकारी माशांच्या तोंडात मावायचा नाही. स्ट्रायपरच्या मावतो.

पण बीज आणायचं कुठून? नदीत नेमकी पिकलेली मादी सापडणं म्हणजे नशिबाचा खेळ. मग मंक्स कॉर्नर इथल्या हॅचरीत रॉबर्ट स्टीव्हन्स या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मादीला एचसीजी हे संप्रेरक टोचून हुकमी अंडी मिळवली. (एचसीजी म्हणजे ज्यावरून गरोदरपणाची चाचणी होते तेच!) आपल्याकडे हा प्रश्न थोडा आधीच सुटला होता. रोहू-कटलाही साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. हिरालाल चौधुरींनी १९५७ साली ओडिशात पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचं प्रजनन करून दाखवलं. महाराष्ट्रातल्या धरणांमध्ये मत्स्यबीज आणि बोटुकली सोडतात, त्याच्या मुळाशी हेच तंत्र आहे.

स्टीव्हन्सच्या तंत्रानंतर स्ट्रायपर ट्रकमधनं देशभर गेला. टेक्सास-ओक्लाहोमाच्या सीमेवरच्या टेक्सोमा तलावात १९६५पासून सोडला आणि तिथे वरून लांब नद्या येत असल्यामुळे तो स्वतःच वाढला. पण अशी ठिकाणं मोजकी. बाकी बहुतेक जलाशयांत धरणावर धरण, मधे पुरेशी नदीच नाही. तिथे ट्रक थांबला की काही वर्षांत मासा संपला.

जॉर्जियातला लेनियर तलाव असाच, ट्रकवर जगणारा. कामानिमित्त काही महिने अटलांटाला होतो तेव्हा एका सहकाऱ्याबरोबर तिथे गेलो होतो. मासे पकडण्यापेक्षा मला त्याच्या बोटीवरच्या टाकीचंच जास्त कुतूहल वाटलं. टाकी गोल. का? तर आमिषाचा मासा, ब्लूबॅक हेरिंग, म्हणजे आपल्या तारलीच्या नात्यातला, सतत पोहत राहतो. चौकोनी टाकीत कोपऱ्यात अडकतो, नाक घासतो, खवले झडतात आणि मरतो. पाण्यात मीठ घालायचं, पाणी गार ठेवायचं, हवा सोडत राहायची. मग गळ नाकपुड्यांतनं ओवायचा, म्हणजे तो पोहत राहतो. सोनारच्या पडद्यावर मासे ज्या खोलीवर दिसतील तिथे दोर सोडायचा आणि बोट अगदी सावकाश चालवायची. मेलेला हेरिंग स्ट्रायपर सहसा घेत नाही, असं आमचा मित्र ठामपणे सांगत होता. एवढी बडदास्त त्याच्यासाठीच.

आणि इथेच या छंदाची दुसरी बाजू आहे. हेरिंगही मुळात समुद्रातून नदीत येणारा मासा. मॅरियन-मूल्ट्रीमध्ये तो पिनोपोलिस धरणाच्या जहाजांसाठी बांधलेल्या लॉकमधनं वर येतो, तिथे त्याचं येणं जुनंच. पण इतर तलावांत तो आमिषाच्या बादल्यांमधनं पोचला. उरलेले मासे पाण्यात ओतून दिले, किंवा 'स्ट्रायपरला खायला होईल' म्हणून मुद्दाम सोडले. उत्तर जॉर्जिया आणि पश्चिम नॉर्थ कॅरोलायनातल्या काही डोंगरी जलाशयांत त्यानंतर वॉलाय या माशाची नवी पिढी रोडावली. हेरिंग प्लवक तर खातोच, पण दुसऱ्यांची अंडी-पिल्लंही सोडत नाही. म्हणून आता जॉर्जियात जिवंत हेरिंग ठरावीक पाण्यातच वापरता येतो.

दुसरीकडे, त्याच्या स्वतःच्या नद्यांत हाच हेरिंग इतका घटला की २०१२पासून पूर्व किनाऱ्यावर, ज्या राज्यांकडे टिकाऊ मासेमारीची मंजूर योजना नाही तिथे, त्याला पकडायलाच बंदी आली. घटण्याच्या कारणांमध्ये एक मोठं कारण पुन्हा तेच: वाटेतली धरणं. म्हणजे एकाच माशाला एका पाण्यात घुसखोर म्हणून अटकाव आणि दुसऱ्या पाण्यात जपण्यासाठी कायदा.

स्ट्रायपरचंही तलावात सगळं आलबेल नाही. मोठ्या माशाला गार पाणी लागतं. कडक उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि तळाच्या गार पाण्यात ऑक्सिजन उरत नाही. मधल्या पातळ थरात मासे दाटीवाटीने उभे राहतात. तेव्हा ते पकडणं सोपं, पण पकडून सोडलेले बरेच जगत नाहीत. मॅरियन-मूल्ट्रीवर उन्हाळ्यात स्ट्रायपर धरायला बंदी असते ती याचमुळे.

थोडक्यात काय, तर बहुतेक तलावांत मासा ट्रकमधला आणि आमिष बादलीतलं. दोन्हींमागे कुणीतरी दरवर्षी पैसे आणि कष्ट घालतंय. मॅरियनमध्येही आता हॅचरीतली पिल्लं सोडतात, पण तिथे नदीही अजून आपलं काम करते. काँगरीच्या काठचं जुनं पूरजंगल २००३ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि काँगरी-वॉटरीचा संगम त्याच्या कडेलाच आहे. वसंतात तिथे पुरेसं पाणी वाहिलं तर अंड्यांना लागणारे दोन दिवस मिळतात. ते पाणी किती वाहायचं, हे मात्र बरंचसं त्याच्याही वरच्या धरणांचे दरवाजे ठरवतात.