गुलामाची लॅटिन

युरोपच्या प्रबोधनाचा इतिहास आपल्याला पेट्रार्क, इरॅस्मस अशा नावांनी शिकवला जातो. या विद्वानांनी प्राचीन लॅटिन पुन्हा उजळली, तिच्यात काव्ये-नाटके रचली आणि माणसाला विचाराच्या केंद्रस्थानी आणले, असे आपण वाचतो. पण हा माणूस कोण? त्यात गुलाम बसत होता काय? याचे उत्तर ग्रानाडाच्या हुआन लातिनोकडे मागितले पाहिजे.

हुआन लातिनो काळा आफ्रिकी होता. जन्म सुमारे १५१८ चा. स्पेनमधील सेसाच्या ड्यूकच्या घराण्यात तो गुलाम म्हणून वाढला. घरातल्या समवयस्क धन्याची पुस्तके पाठशाळेत वाहून नेता नेता तो शिकला, अशी परंपरा सांगते. १५४६ साली ग्रानाडा विद्यापीठाने त्याला पदवी दिली. पुढे तो कॅथेड्रलच्या पाठशाळेत लॅटिनचा अध्यापक झाला. धन्याच्या घराण्याचे 'सेसा' हे नाव मागे पडले आणि विद्येचे नाव पुढे आले: लातिनो.

७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांतोच्या समुद्रात स्पेन आणि मित्रराष्ट्रांनी तुर्की आरमाराचा पराभव केला. त्या विजयावर लातिनोने व्हर्जिलच्या वृत्तात 'आउस्त्रियास कार्मेन' हे महाकाव्य रचले. ते १५७३ साली ग्रानाडात छापले गेले. त्याच ग्रंथात राजा दुसऱ्या फिलिपला उद्देशून एक कविता आहे. तिचा युक्तिवाद धारदार आहे. काळा चेहरा तुमच्या दरबाऱ्यांना खुपत असेल, तर इथिओपियात गोरा चेहराही तसाच खुपतो. बायबलमधल्या फिलिपने इथिओपियन माणसाला ख्रिस्ताचा मार्ग दाखवला. मग त्याच नावाच्या राजाने इथिओपियन कवीला का नाकारावे?

ही याचना नव्हे. धन्याच्याच धर्मग्रंथाने आणि धन्याच्याच भाषेत धन्याला घातलेला हा पेच आहे.

तरीही या विजयाची दुसरी बाजू झाकता येणार नाही. त्याचा काव्यनायक डॉन हुआन याने लेपांतोपूर्वी ग्रानाडाच्या मोरिस्कोंचे बंड चिरडले होते आणि त्या लोकांना त्यांच्या भूमीतून हाकलण्यात आले होते. लेपांतोला दोन्ही बाजूंच्या गलबतांवर वल्हवणाऱ्यांत गुलामही होते. लातिनोसाठी विद्येचे दार उघडले; गुलामगिरीचे दार मात्र बंद झाले नाही. एकाला मिळालेला सन्मान म्हणजे समाजाची मुक्ती नव्हे.

सर्व्हांतेसने 'डॉन किहोते'च्या (१६०५) आरंभीच्या पद्यांत लातिनोचा उल्लेख केला, आणि पुढे त्याच्यावर स्पॅनिश नाटकही लिहिले गेले. तरी जगाच्या पाठ्यपुस्तकांतून तो गळाला. काळ्यांना इतिहास नाही, असे ऐकत वाढलेला पोर्तो रिकोचा आर्तुरो शोमबर्ग १९२६ साली स्पेनला गेला, तो याच नावाच्या शोधात.

ज्यांना अभिजात भाषेच्या उंबऱ्याबाहेर ठेवले गेले, त्यांनी लातिनोकडून दोन गोष्टी घ्याव्यात. भाषा कोणाच्या बापाची मिरास नसते. आणि ती हस्तगत केल्यावर तिच्यात कोणाचा जयजयकार करायचा, हा प्रश्न स्वतःला विचारावाच लागतो.