प्रवाह आणि वाहिनी : पृथक्करणाच्या तत्त्वाचा इतिहास

एकाच मार्गावरून अनेक संदेश एकत्र पाठवावयाचे आणि पलीकडच्या टोकास ते पुन्हा वेगळे करावयाचे, हा प्रश्न दूरचित्रवाणीहून पुष्कळ जुना आहे. फ्रान्समधील एमिल बोदो याने १८७४ मध्ये पेटंट घेतलेल्या तारयंत्रात एक फिरता वितरक अनेक तारकर्मचाऱ्यांना आळीपाळीने एकाच तारेशी जोडीत असे. कोणता संकेत कोणाचा, हे पाळीवरून ठरे. म्हणून दोन्ही टोकांचे वितरक समगतीने फिरणे आवश्यक होते. जो कर्मचारी स्वस्थ बसे त्याची पाळी वाया जाई. नभोवाणीने व तिच्यामागून दूरचित्रवाणीने दुसरा मार्ग स्वीकारला. तेथे प्रत्येक केंद्रास स्वतंत्र कंप्रता मिळाली आणि निवडीचे काम ग्राहकयंत्राच्या बटणाकडे आले.

१९९४ मध्ये संमत झालेल्या एमपेग-२ मानकाने अंकीय दूरचित्रवाणीत या दोहोंहून भिन्न तत्त्व रूढ केले. त्यानुसार अनेक वाहिन्यांची चित्रे व ध्वनी १८८ बाइटांच्या पुडक्यांत विभागून एकाच प्रवाहात मिसळले जातात. पुडक्यास ठरावीक पाळी नसते. ते कोणाचे, हे त्याच्या शीर्षभागातील १३ बिटांचा ओळखक्रमांक सांगतो. असे ८,१९२ क्रमांक संभवतात. शून्य क्रमांकाच्या पुडक्यांत कार्यक्रमांची सूची असते. तीवरून प्रत्येक वाहिनीचा तक्ता सापडतो व तक्त्यावरून तिच्या चित्राचे आणि ध्वनीचे क्रमांक कळतात. बोदोच्या यंत्रात स्थान निर्णायक होते. येथे नाव निर्णायक आहे. त्यामुळेच स्थिर दृश्यास थोडी आणि वेगवान खेळास अधिक पुडकी देता येतात.

परंतु या लवचिकपणाबरोबर अधिकाराचेही स्थलांतर झाले. पुडक्याचा शीर्षभाग सदैव उघडा असतो. आतील मजकूर मात्र सांकेतिक कुलपात ठेवता येतो. वाहिनी वेगळी करता येणे आणि ती पाहता येणे, या दोन निराळ्या गोष्टी झाल्या. भारतात याचा प्रत्यय केबल-वितरणाच्या अंकीकरणात आला. २०११ च्या कायदादुरुस्तीने सांकेतिक स्वरूपातील अंकीय प्रसारणाची तरतूद केली. मुंबईसह चार महानगरांसाठी अखेर ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत ठरली आणि केबलच्या जुन्या दूरचित्रवाणी संचास सेट-टॉप बॉक्सची जोड अपरिहार्य झाली. बटण फिरवून होणारी निवड आता सूची लिहिणाऱ्याच्या व किल्ली देणाऱ्याच्या स्वाधीन झाली. म्हणून प्रसारणाच्या इतिहासकाराने कंप्रतांच्या वाटपाबरोबर या दोहोंचीही नोंद घेणे अवश्य आहे.