नामकरण : पाली साहित्य आणि आपले घर

शूद्राचे नाव जुगुप्सित असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्याची सत्ता पाळण्यापर्यंत पोहोचली होती. कचरू, धोंडू ही नावे मात्र केवळ या विधानातून आलेली नाहीत. आधीची मुले दगावली असता नव्या बाळावर मृत्यूची दृष्ट पडू नये, म्हणून हलके नाव ठेवण्याची चाल अनेक जातींत होती.

विनयपिटकाच्या महावग्गात निराळी कथा आढळते. राजगृहात उकिरड्यावर टाकलेले अर्भक अभय राजकुमारास दिसले. ‘जिवंत आहे काय?’ या प्रश्नास होकार मिळाला, म्हणून त्याचे नाव जीवक पडले. उकिरड्यावरून नव्हे, जगण्यावरून. हाच पुढे भगवान बुद्धांचा वैद्य झाला.

नामसिद्धी जातक दुसरी बाजू मांडते. ‘पापक’ नावास कंटाळलेला शिष्य चांगले नाव शोधावयास निघतो. जीवक नावाचा मृत, धनपाली नावाची निर्धन दासी व वाट चुकलेला पंथक पाहून तो आपल्याच नावावर समाधान मानतो.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरोघरी राहुल, सिद्धार्थ, सुजाता ही नावे आली. त्यांनी पिढ्यांचा अपमान पुसला, हे कार्य लहान नव्हे. परंतु अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात भगवंतांनी राहुलास थट्टेतही असत्य न बोलण्याची शिकवण दिली आहे. दारी आलेल्यास ‘बाबा घरी नाहीत’ असे चिमुकल्या राहुलाकरवी सांगणाऱ्या आईबापांनी ते सुत्त अवश्य वाचावे.