फूल की दोन पाने

आठवीच्या वर्गात 'इस्तिसवाब-ए-राय' हा शब्द आला आणि मुले अडखळली. उर्दू माध्यमाची मुले असली तरी घरी कुणी दखनी बोलतो, कुणी अहिराणी. एवढा जड शब्द त्यांच्या जिभेवर बसेना. मी फळ्यावर देवनागरीत 'सार्वमत' असे लिहिले. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, आपल्या मुल्कात असं कधी झालं का?"

मी जुनागढचे उदाहरण दिले. फेब्रुवारी १९४८ मध्ये तिथे मतदान झाले, जवळपास एक लाख नव्वद हजार लोकांनी मत दिले आणि पाकिस्तानच्या बाजूने पडली अवघी ९१ मते. मुलगा लगेच म्हणाला, "मग त्यात विचारायचं काय होतं?"

त्याचे बरोबर होते. उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असेल तर विचारणे हा नुसता रिवाज उरतो. विचारण्याचा खरा कस लागला तो गोव्यात, १६ जानेवारी १९६७ रोजी. तो किस्सा मी त्या तासाला सांगितला नाही, कारण तो माझ्या सासरच्या घरातला आहे.

माझ्या सासूबाईंचे माहेर डिचोलीचे. लग्नानंतर पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा त्यांचे वडील हयात होते. आम्ही सगळे त्यांना नानाजान म्हणायचो. खाणीच्या कचेरीत हिशेब लिहून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. गोव्यात मुसलमान आधीच थोडे. त्यामुळे कुठल्याही बाजूला त्यांच्या मतांची फार मोजदाद होत नव्हती, असे ते हसून सांगत. घरात कोकणी आणि दखनी, वाचायला मराठी वर्तमानपत्र, नमाजेला अरबी. आणि मत? मत दोन पानांना.

ज्यांना हा इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगिजांपासून मुक्त झाला. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा ही त्याची मुख्य मागणी. विरोधात डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष. शेवटी संसदेने १९६६ च्या डिसेंबरात कायदा करून लोकांनाच विचारायचे ठरवले. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांनी मुख्यमंत्रिपद सोडले. विलीनीकरण हवे असेल तर फूल, केंद्रशासित राहायचे असेल तर दोन पाने. तिसरा पर्याय नव्हता. वेगळे राज्य हवे असणाऱ्यालाही पानांवरच शिक्का मारावा लागणार होता.

आम्हा मराठी वाचणाऱ्यांचा एक गैरसमज असतो, की ही मराठी विरुद्ध कोकणी अशी सरळ लढाई होती. तशी ती नव्हती. 'गोमन्तक' हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या बाजूचे, तर 'राष्ट्रमत' हेही मराठी दैनिकच, पण कट्टर विरोधातले. चंद्रकांत केणी आणि उदय भेंब्रे मराठीतूनच गोमंतकीयांना सांगत होते की मराठी राज्यात जाऊ नका. नानाजान दोन्ही पत्रे वाचत. मी त्यांना म्हटले, "नानाजान, तुम्ही मराठी वाचणारे, मग मराठी मुलखात जायला काय हरकत होती?"

ते म्हणाले, "बेटी, पणजीला काम असलं तर मी सकाळी जाऊन संध्याकाळी घरी जेवायला येतो. मुंबईला काम निघालं तर कोणाच्या घरी उतरू?"

भाषेचा अभिमान, संस्कृती, मद्यबंदीची भीती, हे सगळे मी वाचले होते. त्यांच्या उत्तरात यातले काही नव्हते. पण मी नंदुरबारची. मला ते उत्तर एका क्षणात पटले. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधी धडगावच्या माणसाला एका दाखल्यासाठी सातपुडा उतरून धुळे गाठावे लागे. साहेब रजेवर असला की मुक्काम. सरकार किती लांब आहे, हे ज्याने एस.टी.च्या बाकावर बसून मोजले आहे त्याला नानाजानांचे मत समजावून सांगावे लागत नाही.

मात्र त्याच घरात दुसरे मतही होते. नानीजानने फुलावर शिक्का मारला होता. ईद नुकतीच होऊन गेलेली, शेजारून संक्रांतीचा तीळगूळ आलेला, आणि नवरा-बायको एकाच केंद्रावर जाऊन एकमेकांचे मत खोडून आले! त्यांचा भाऊ एका भाटकाराची जमीन कसत होता. महाराष्ट्रात कुळांना जमिनी मिळाल्या, इकडेही तोच कायदा येईल, एवढाच त्यांचा हिशेब. "तुझ्या नानाला पगार होता," त्या मला म्हणाल्या, "माझ्या भावाला नव्हता." नानाजान समोरच बसले होते. ते काही बोलले नाहीत, सुपारी कातरत राहिले.

निकाल लागला तेव्हा दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते होती. फरक ३४,०२१ मतांचा. म्हणजे नानीजानसारखे लोक काही मूठभर नव्हते. खेड्यापाड्यांतला बहुजन समाज मोठ्या संख्येने फुलामागे उभा होता. भाटकारांच्या जाचातून मुंबईचे सरकार सोडवील अशी त्याची आशा होती. ती आशा खुळी होती असे मला वाटत नाही. पुढे दोन-अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणाला नकार देणाऱ्या याच लोकांनी बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले. मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते. माणूस हवा, त्याची मागणी नको! एरवीच्या निवडणुकीत मतदाराला हे दोन्ही वेगळे करून सांगायची सोय नसते.

नानीजानच्या भावाचे काम पुढे गोव्यातच झाले. १९७५ मध्ये मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा आला, १९७६ मध्ये कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला. तोवर नऊ वर्षे गेली होती. त्या नऊ वर्षांचा हिशेब नानाजानांच्या उत्तरात बसत नाही, हेही मला लिहायलाच हवे.

मी त्या दिवशी तिथे असते तर? लग्नाआधी विचारले असते तर मी बेधडक फूल म्हटले असते. ज्या मराठीत मी हे लिहिते आहे तिचा मुलूख वाढावा असे कुणाला वाटणार नाही? आज मी पानांवर शिक्का मारीन. घरी बोलली जाणारी भाषा ही 'बोली' आणि शाळेतली ती 'भाषा', हे गणित मी रोज वर्गात पाहते. अहिराणी बोलणारे पोर माझ्यासमोर आधी गप्प होते, मग उर्दूत शब्द शोधते. कोकणीला मराठीची बोली म्हणणाऱ्यांना त्या गप्प होण्याची कल्पना नसावी. पण शिक्का मारताना नानीजानकडे पाहायचे धाडस मला झाले नसते.

आमच्या भागाला हा पेच कधी पडलाच नाही. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली तेव्हा पश्चिम खानदेशातली नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा भागातली १५६ गावे गुजरातेत गेली. उच्छल, निझर तिकडे, नवापूर इकडे. बहुतेक वस्ती आदिवासी. दिल्ली-मुंबईत बोलणी झाली, नकाशावर रेघ पडली. फूल की पाने असे कुणी विचारले नाही. ती रेघ आजही नवापूरच्या रेल्वे स्टेशनातून जाते. फलाटावरच्या एका बाकाचा निम्मा भाग महाराष्ट्रात, निम्मा गुजरातेत. लोक त्यावर बसून फोटो काढतात.

२०१९ मध्ये नानाजान गेले. गोव्यात १६ जानेवारी 'अस्मिताय दिस' म्हणून साजरा होतो. त्या दिवशी सासूबाई डिचोलीला फोन लावतात आणि नानीजानला चिडवतात, "अम्मी, आज तुमच्या हरण्याचा दिवस." पलीकडून उत्तर ठरलेले असते, "मी हरले नाही. मला कायदा हवा होता, तो उशिरा आला."

पुढच्या वर्षी आठवीला तो धडा आला की जुनागढ एका वाक्यात संपवायचे आणि उरलेला तास डिचोलीला द्यायचा, असे मी ठरवले आहे.