तीन पंडित आणि एक वैद्य

आयुर्वेदाचा विषय निघाला की आमच्यासमोर ऋषींची यादी वाचली जाते. मग कुणीतरी हमखास विचारतं, "ज्ञान जपलं ते ब्राह्मणांनी, तुमच्याकडे काय होतं?" यावर चिडण्यापेक्षा छापील कागद समोर ठेवावा. कागद १६७८ सालचा आहे.

कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हॅन रीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा लॅटिन ग्रंथ तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये त्याचे १२ खंड निघाले. त्यात सुमारे ७४० वनस्पती आहेत. पुढे लिनियसने वनस्पतींना शास्त्रीय नावं देताना हा ग्रंथ आधाराला घेतला. व्हॅन रीड काही आमचा उद्धारकर्ता नव्हे. तो डच ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, आणि कंपनीला औषधी वनस्पतींत रस होता तो स्वतःच्या फायद्यासाठी. पण त्याने एक काम केलं, जे आपल्याकडचे ग्रंथकार सहसा करत नसत. माहिती कुणी दिली, ते त्याने छापलं.

पहिल्या खंडाच्या सुरुवातीला मदतनीसांची प्रमाणपत्रं आहेत. एक रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोकणी ब्राह्मणांचं. ते कोकणीत, देवनागरी अक्षरांत आहे, म्हणजे अक्षरं आपल्यालाही ओळखता येतात. दुसरं इट्टी अच्युतन या वैद्याचं, जुन्या कोलेळुत्तू लिपीत. तारीख एप्रिल १६७५. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वैद्यकी चालत आलेली. आपल्या घरच्या ग्रंथातली नावं आणि गुणधर्म त्यांनी तोंडी सांगितले, दुभाषा इमॅन्युएल कार्नेरोने ते उतरवून घेतले. कार्नेरोच्या मजकुरात त्यांची जातही नोंदली आहे: चेगो. म्हणजे एळवा. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, ती जात.

पंडितांचा वाटा आम्ही नाकारत नाही. कागद सांगतो ते सगळंच मान्य करायला हवं. पण इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांनी मांडलं आहे की या ग्रंथाच्या ज्ञानाची घडण मुख्यतः एळवा परंपरेची आहे. यावर वाद घालता येईल. अच्युतन यांचं नावच गाळून पंडितांची गोष्ट सांगणं मात्र चालणार नाही.

आता पुढचं बघा. दोनशेहून जास्त वर्षांनी याच जातीतले डॉ. पल्पू मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेऊन आले, तेव्हा त्रावणकोर संस्थानाने जातीमुळे त्यांना नोकरी नाकारली. त्यांना म्हैसूर संस्थानात चाकरी करावी लागली. घराण्याच्या वैद्यकीवर युरोपने ग्रंथ उभा केला, आणि स्वतःच्या मुलखात पदवीधर डॉक्टर नको!

प्रा. के. एस. मणिलाल यांनी या ग्रंथामागे आयुष्य घातलं. व्हॅन रीडचे वाळवलेले नमुने उरलेले नव्हते, उरली होती चित्रं. चित्रं घेऊन त्यांनी मलबार पालथा घातला, वनस्पती पुन्हा गोळा केल्या. चेर्तलाजवळ कडक्करप्पल्लीला अच्युतन यांच्या घराण्याची जागाही शोधली. २००३ साली त्यांचं इंग्रजी भाषांतर आलं, २००८ साली मल्याळम. अच्युतन यांनी सांगितलेलं त्यांच्याच भाषेत परत यायला ३३० वर्षं लागली.

मूळ पहिला खंड इंटरनेटवर फुकट पाहता येतो, दोस्तांनो. प्रमाणपत्रांची पानं सुरुवातीलाच आहेत. मोबाईलमध्ये उतरवून ठेवा.