नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या पाहा. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त दिलेल्या स्थानांच्या नावांनी मोजली, तर तिचा पहिला अंक 'मध्य' स्थानी येतो. परार्ध तिथून एकच पायरी वर. एवढी मोठी संख्या, पण ती मिळते अगदी सोप्या रीतीने. नऊ वेळा एक लिहायचा आणि वर्ग करायचा.

अशा संख्यांचा नाद दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना होता. जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२९ साली पदवीधर झाले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवले. आमच्या कुरुळीजवळून जाणारा हमरस्ता नाशिकला पोचतो, तिथून देवळाली हाकेच्या अंतरावर. या जातीच्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटले. त्यांची कल्पना जिथे सुचली, त्या रेल्वे स्थानकाचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे, ते नाव.

आता संख्येचे अंक मिळवा. बेरीज ८१ येते, आणि ८१ ने या संख्येला निःशेष भाग जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. एक आणखी वाढवून दहा एकांचा वर्ग केला, तर मध्ये हातचा येतो आणि आरसा फुटतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. पण या वर्गाचे दोन तुकडे करून मिळवा: १२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११. पुन्हा तेच दहा एक! वर्गाचे असे तुकडे मिळवून मूळ संख्या परत देणाऱ्यांना आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात.

अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटला. केंब्रिजच्या हार्डींनी १९४० सालच्या आपल्या पुस्तकात लिहिले होते की अंकांच्या असल्या गमती कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला त्यात काही नाही. आक्षेप पोकळ नाही. ही सारी शोभा दशमान पद्धतीची, म्हणजे शेवटी आपल्या दहा बोटांची. बोटे बारा असती तर?

तर करून पाहू. बाराच्या पायावर अकरा एक लिहून वर्ग केला, तर मधला सर्वांत मोठा अंक अकराच येतो. हातचा येत नाही, आरसा शाबूत राहतो. अंकांची बेरीज अकराचा वर्ग, १२१, आणि तिने भागही जातो. पाया कोणताही घ्या, त्याहून एक कमी इतके एक घेतले की हेच घडते. म्हणजे गंमत दहा बोटांची नव्हती. दहाच्या आत एक नियम दडला होता, तो दहामुळे फक्त नजरेला पडला.

कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठाची खुर्ची नव्हती. त्यांच्या पुस्तिका बहुधा पदरमोड करून छापलेल्या. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाने नीट पाहिले. कापरेकर तेव्हा सत्तरीचे होते. १९८६ साली ते गेले.

उपयोग काय, असा प्रश्न मुले विचारतील. विचारू द्यावा. मात्र उत्तर देण्याआधी त्यांच्या हाती कागद द्यावा आणि नऊ एकांचा गुणाकार हातानेच करायला सांगावा. यंत्र उत्तर देते, पण हातचा कुठे आला नाही हे दाखवत नाही. नियम तिथेच आहे.